मांडवाखालचा धूर

द्राक्षाच्या मांडवाखाली मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून छोटा बघायला गेलो. विक्रेत्याने चालू करून दाखवला. काळा धूर शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन तिथंच घुटमळला. आमच्या बागेतही तो असाच पानांखाली अडकेल, आणि तिथंच माझी बायको हात वर करून वेलीच्या काड्या बांधत असते.

"धुराचे कडक नियम मोठ्यांना, काका. छोट्याला सवलत आहे. म्हणून तर स्वस्त!"

ऐकून मला हायसं वाटलं. चीड नंतर आली. आधी त्या नियमाची, मग स्वतःची.

घरी बायकोने विचारलं, "याचा धूर कमी असेल ना हो?"

"छोटाच आहे गं."

ती खोकत हसली. "मांडव तरी कुठं उंच आहे?"

बुकिंग तर करूनच आलो होतो; पावती मी खिशात आणखी आत सरकवली.