डोंगरावरून ऐकू आलेला टेम्पो

महाळुंग्याच्या त्या चोरीचा विषय निघाला, की आजही माझा आवाज चढतो आणि घरातले हसायला लागतात. तपास माझा होता, पण धागा सापडला आमच्या सौभाग्यवतींना!

एका कंपनीतून तांब्याच्या केबलची बंडलं जात होती. दर वेळी सकाळी, शिफ्ट बदलताना, आणि दर वेळी ड्युटीवर एकच वॉचमन, परभणीकडचा. त्या सकाळी मी त्याला गेटावरूनच उचलून ठाण्यात आणलं.

"साहेब, समोरच्या गेटाला एवढ्या लोकांची झडती घ्यायची अस्ती. माघं काय चालतंय, मला कसं कळंल?" तो पुन्हा पुन्हा हेच सांगत होता. मी मात्र अटक दाखवायची ठरवूनच बसलो होतो.

तेवढ्यात हिचा फोन. रावेतच्या मैत्रिणींबरोबर ती महाळुंग्याजवळच्या भामचंद्राच्या डोंगरावर गेली होती. मागे राहिलेल्या बायकांना हाक पोचावी म्हणून तिने स्वस्तातले वॉकीटॉकी निवडले होते: परवाना न लागणारे, हलके, एकच मोठं बटण. "खेळणी आणलीस," असा शेरा मी मारला होता.

"अहो, आमच्या चॅनेलवर कुणीतरी बोलतंय! 'वॉचमनला पोलीस घेऊन गेले, सगळे पुढच्या गेटावर जमलेत, टेम्पो मागं लाव' म्हणतोय."

मी खुर्चीतून उडालोच. "कुणी बटण दाबू नका! तुमचा आवाज त्यांना जाईल."

"आम्ही सगळ्या गप्प बसलोय. तुम्ही निघा आधी!"

एवढ्या बायका गप्प! मी जीप काढली. ही फोनवर सांगत होती, "माल चढला... निघाला हो, निघाला!" कंपनीच्या मागच्या वळणावर आम्ही गाडी आडवी घातली.

"भंगार हाय साहेब," ड्रायव्हर म्हणाला. खिशात तसलाच वॉकीटॉकीचा सेट. "त्ये व्हय? पोराचं खेळणं. बंद हाय."

मी फोनवर म्हणालो, "आता दाब बटण."

खिसा बोलला, "भाऊ, आमचे हे पोचले का हो तिथे?"

ड्रायव्हरने सेट काढून माझ्या हातात दिला. मग न विचारता सगळं ओकला. आतला साथीदार स्टोअरमधला होता. "मग दर वेळी त्याच वॉचमनची शिफ्ट कशासाठी?" मी विचारलं.

"त्यो एकेकाची झडती नीट घेतो साहेब, जागचा हालत न्हाई. म्हून त्याचीच शिफ्ट धरायचो."

ठाण्यात परतून वॉचमनला सोडलं, चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही. "तेवढं कंपनीत सांगा साहेब, न्हाईतर कामावरून काढतेत." मी त्याच्यासमोरच फोन लावला.

सेट कोणता घ्यावा, असं लोक मला विचारतात. मी सांगतो, जिथे वापरणार तिथे नेऊन ऐका, आणि त्या चॅनेलवर असेल तो प्रत्येक जण ऐकतो हे विसरू नका. माणसांचं म्हणाल, तर चोरांनी त्या वॉचमनचं काम रोज पाहिलं होतं, मी एकदाही नाही. त्यानंतर कुणालाही उचलण्याआधी मी त्याच्या कामाच्या जागी जाऊन उभा राहू लागलो.