दोन्ही चाकं एकदम

भवानीनगरच्या रस्त्यावरचा हा मेकॅनिक ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर देणारे दातेरी गिअर, बदलतो, तेव्हा दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासून फिरवून बघतो. डाग दाताच्या मधोमध उमटला नाही, म्हणजे दात एकमेकांत नीट बसले नाहीत, तर सगळं पुन्हा खोलतो. या खोडीपायी गिऱ्हाइकं तुटली. मला तो आवडतो. "चालतंय की" म्हणणाऱ्यांनीच आपला मुलूख बुडवला आहे.

परवा मी तिथं बसलो असताना सणसरचे एक ट्रॅक्टरवाले आबा त्याच्यावर कडाडले, "आरं, ट्रॉली भरून हुबी हाय! उसाचं सरपण करतो का?"

"आबा, डाग कडंला हाय. भरल्या ट्रॉलीला दात तुटंल."

"मग बस दात बघत! ह्यो शेवटचा फेरा तुझ्याकडं."

आबा चहाला गेले. त्यानं पुन्हा खोललं.

संध्याकाळी जोडणी झाली. उरलं डिफरन्शियल लॉक तपासणं. चिखलात एकच चाक गरगरू नये, म्हणून ते दोन्ही चाकं एकदम फिरवतं. दोन्ही चाकं जॅकवर उचललेली होती.

"पावनं, लॉकचं पेडल दाबा की."

मी दाबलं. त्यानं एक चाक फिरवलं, पलीकडचंही त्याच्यासोबत त्याच दिशेनं फिरलं. काम झालं म्हणून मी पाय उचलू लागलो.

"ऱ्हाऊ द्या की जरा," तो म्हणाला आणि पलीकडचं चाक सोबत फिरताना बघत उगाचच चाक फिरवत राहिला.