सातव्या गाण्यातली डमीताई

दुसरीला गाता यावं म्हणून गाणारी बाई कधी पाहिलीत? हिचं पोटपाणीच त्यावर होतं. मोठी गायिका स्टुडिओत यायच्या आधी हिने गाणं गाऊन ठेवायचं. मग गायिका यायची, हेडफोन लावून हिची चाल ऐकायची, आणि त्याच टेपवर स्वतःचा आवाज भरायची. हिचा गेला पुसून! अशा कच्च्या गाण्याला डमी म्हणतात, म्हणून वादक मंडळी हिला डमीताई म्हणत. तीही हसून ओ द्यायची. आणि या धंद्याचा एक नेम होता, डमी स्टुडिओबाहेर न्यायची नाही. डमीताईने तो इतका पाळला, की घरात तिच्या आवाजाची एक ओळ म्हणून नव्हती.

नवरा सायकली दुरुस्त करायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण जिच्यासाठी हिने डमी गायल्या त्या एका गायिकेचा गाजलेला अल्बम मात्र त्याने दर आवृत्तीला घेतला. आधी साधा, मग जाड कव्हरचा, फोटोंचा, मग दोन जादा गाण्यांचा.

"अहो, तीच गाणी कितीदा विकत घ्यायची?" ती करवादायची.

"तू शिकवलेली आहेत ना? मग असू देत घरात."

पुढे तिच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजण्यापुरता श्वास तेवढा उरला. "जगले हे काय थोडं झालं?" असं ती म्हणायची आणि ते अगदी मनापासून. तरी भांडी घासताना सवयीने तिचे ओठ हलायचे, आणि नवरा काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. बघवायचं नाही हो त्याला.

त्या अल्बमला बरीच वर्षं झाली म्हणून कंपनीने आणखी एक खास आवृत्ती काढली. नवऱ्याने अर्थातच ती आणली. डमीताई भाजी चिरत होती, हा ग्रीसचे हात पुसत होता. सातवं गाणं सुरू झालं आणि हा जागच्या जागी थबकला.

"अगं, ही तू आहेस!"

"काहीतरीच तुमचं," ती कुजबुजली, पण सुरी थांबली होती.

"काहीतरीच काय? या आवाजाची बोलणी खात म्हातारा झालो मी!"

खरंच होतं ते. त्या वेळी गायिका तापाने आजारी होती, म्हणून तिने पुढे वेगळ्या टेपवर गाणं केलं आणि डमी तशीच डब्यात पडून राहिली. आता कंपनीतल्या कुणीतरी चुकीचा डबा उचलला. "त्या वेंधळ्याचं देव भलं करो!" नवरा म्हणाला. डमीताईने मात्र गाणं अर्ध्यावरच बंद केलं.

आठवड्याभरात कंपनीने जाहीर केलं, की सातवं गाणं चुकलंय, प्रती परत करा, दुरुस्त केलेल्या न्या. झालं, घरात जुंपली!

"परत देऊन या."

"मुळीच देणार नाही. आवाज तुझा आहे."

"गाणं तिचं आहे. न विचारता ठेवून घेतलं तर ती चोरीच."

मनातून तिला ते किती हवं होतं! रात्रंदिवस तोच एक घोर लागला होता. पण नेम तो नेम. शेवटी तिने स्टुडिओतल्या जुन्या रेकॉर्डिस्टकाकांकरवी गायिकेला निरोप धाडला, की ही एक प्रत आमच्याकडे राहू द्याल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

दुसऱ्या दिवशी गायिकेचाच फोन. नवऱ्याची बोबडीच वळली. "तिला बोलता येत नाही हो... फार हळू..."

"मग त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल."

त्याने फोन डमीताईच्या कानाला लावला आणि आपलाही कान भिडवला.

"ताई, मी ऐकलं ते गाणं. तिसऱ्या ओळीत तुम्ही जिथे श्वास घेतलाय ना, तिथेच मी अजून घेते. प्रत्येक कार्यक्रमात. लोक त्या जागेला दाद देतात, आणि ती जागा तुमची आहे हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. एक प्रत कसली मागताय? दुरुस्त आवृत्तीत दोन्ही गाणी असतील, आधी तुमचं, मग माझं. नावासकट. पण तुम्ही हो म्हणाल तरच."

डमीताईचे डोळे भरून आले. तिने सगळा जीव एकवटून म्हटलं, "हो." पण ते इतकं बारीक निघालं, की नवरा घाईघाईने सांगायला गेला, "ती म्हणतेय..."

"थांबा," पलीकडून गायिका म्हणाली. "ऐकू आलं मला."

फोन ठेवला तरी दोघं तशीच उभी होती. नवरा सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसायला लागला, ग्रीस लागलं गालाला. डमीताईने त्याला कोपराने ढोसलं.

"उभे काय राहिलात? लावा ते सातवं. आणि या खेपेला पुरतं ऐकू द्या मला."