चोरचोळीचं मार्जिन

अमडापुरात पंजाबराव टेलर म्हटलं की बायका दोन गोष्टी सांगतात. माणूस तोंडाचा कडू आहे, पण त्याच्या हातचा ब्लाउज एकदा घातला की दुसऱ्या कोणाचा अंगाला लागत नाही. गिऱ्हाइकाशी भांडताना त्यांचं मशीन कधी थांबत नाही. ते थांबतं फक्त मोबाइलवर लॅबचा मेसेज आला की.

त्याला कारण सुचिता, त्यांची एकुलती लेक. सहा वर्षांपूर्वी, ती कॉलेजात असताना, तिच्या उजव्या बरगडीखाली गोळा लागला. यकृताचा ट्यूमर, आणि तोही सहसा तान्ह्या लेकरांना होणारा. मोठ्या माणसात फार क्वचित सापडतो, असं अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पंजाबरावांना वाटलं, साऱ्या वऱ्हाडात त्या आजाराला नेमकं माझंच घर सापडावं! ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. मागे उरली ती एएफपी नावाची रक्ताची तपासणी. हा गोळा रक्तात एक पदार्थ सोडतो. तो मोजत राहिलं की गोळा परत येत असल्याची चाहूल लवकर लागते. तेव्हा आकडा हजारांत होता. उतरत उतरत तो चारवर आला आणि तिथंच टिकला.

लग्न जमवताना पंजाबरावांनी काही झाकून ठेवलं नाही. सारी फाइल पाहुण्यांपुढे मांडली. जानेफळचा शेखर, कृषी केंद्रात कामाला असलेला साधा पोरगा, एवढंच म्हणाला, "मामा, आकडा चार हाय ना? मंग काऊन घाबरता?" त्या बोलण्यावर त्यांनी लेक दिली. तरीही लॅबमध्ये फोन नंबर मात्र बापाचाच राहू दिला. काळजी काही सासरी पाठवता येत नाही.

यंदा पेरणीच्या तोंडावर सुचिता माहेरी आली. चिखलीला जाऊन रक्त देऊन आली. संध्याकाळी पंजाबराव बाहीला हेम घालत होते, तेवढ्यात मेसेज आला. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

एकतीस.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं, हे त्यांना दुसऱ्यांदा कळलं. घरात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. बायकोला सांगावं तर ती रडून गाव गोळा करील, आणि लेकीला सांगायला जीभ वळेना. त्यांनी मॅडमची वेळ घेतली आणि घरात सांगितलं, "वर्षाची तपासणी हाय, अकोल्याले जा लागते."

"म्या तर रगत देल्लंच ना, बाबा," सुचिता म्हणाली.

"डॉक्टर तू हायेस का त्या हायेत?" ते खेकसले, आणि लगेच मनातून खजील झाले.

चोराच्या मनात चांदणं! बायको नुसतं "आवो" म्हणाली तरी ते दचकायचे. लेकीकडे चोरून बघायचे. तिला जेवण जात नव्हतं. फोडणीच्या वासानं ती मागच्या दारी पळायची. दुपारची आडवी झाली की उठायची नाही. सहा वर्षांपूर्वी सगळं अस्संच सुरू झालं होतं. आणि बायको मनकर्णाबाई मात्र, लेकीला उलट्या होत असताना, खुशाल कुरड्या तळत होती! या बाईला डोळे आहेत का नाहीत, असं त्यांच्या ओठांवर यायचं आणि ते गिळायचे.

त्यात आणखी एक घाव बसला. अंगणातल्या तारेवर एक हिरवी चोळी वाळत होती, रंग उडू नये म्हणून उलटी करून टाकलेली. पंजाबराव जवळ गेले. शिलाई आपली नव्हती. टेलरच्या घरात दुसऱ्याच्या हातची चोळी! वर दोन्ही बाजूंना चांगलं दोन-दोन बोटं मार्जिन आत दाबलेलं, त्यावर एकापुढे एक तीन टिपा. एवढं कापड आत कोंबतात का? हाताला वळण नाही लेकाच्या, असं पुटपुटून ते निघून गेले. एरवी ती चोळी पाहताच त्यांना उमगलं असतं. पण डोक्यात एकतीस बसला होता.

अकोल्याच्या बसमध्ये सुचिता खिडकीशी टेकून झोपली. पंजाबरावांनी खामगावपर्यंत तिच्या श्वासावरची नजर काढली नाही.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. चेहरा गंभीर झाला. त्यांनी आकडा मोठ्यानं सांगितला, तशी सुचितानं गर्रकन बापाकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं, बाबा?"

पंजाबरावांनी मान खाली घातली.

"सुचिता," मॅडम म्हणाल्या, "आकडा वाढायला ट्यूमर हे एकच कारण नसतं. पाळी वेळेवर येते ना?"

तिचं तोंड पांढरं पडलं होतं. एकदा बापाकडे पाहून तिनं पदर घट्ट ओढून घेतला. त्या पदराखाली हिरवी बाही होती.

तेव्हा कुठं पंजाबरावांच्या डोक्यात उजेड पडला. हिरवी चोळी. दोन बोटं मार्जिन. तीन टिपा, अंग भरेल तशी एकेक उसवत जायला. चोरचोळी! पोटुशी लेकीला तिसऱ्या महिन्यात माहेरी बायका गुपचूप करतात ती, घरातल्या पुरुषांच्या कानावर न घालता. म्हणूनच बाहेरून शिवून आणली. आयुष्यभर लोकांच्या लेकींच्या चोरचोळ्या शिवल्या आणि स्वतःच्या लेकीची ओळखली नाही.

ते उठले. "मॅडम, म्या बाहीर बसतो. पोरीले मोकळं बोलू द्या."

बाहेर बाकावर ते बसले. त्यांना हसायचं होतं, पण धीर होईना.

सोनोग्राफी झाल्यावर मॅडमनी आत बोलावलं. "चौथा लागलाय. पोटातल्या बाळाचं यकृत हाच पदार्थ बनवतं, तो आईच्या रक्तात उतरतो. सुचिताचं यकृत आज स्वच्छ दिसतंय."

"म्हंजे आकडा लेकराचा हाय?"

"बहुतेक. पण शपथेवर सांगता येणार नाही. आता तो आणखी चढणार. त्यात बाळाचं किती आणि दुसरं काही असलंच तर किती, हे नुसतं रक्त सांगणार नाही. म्हणून यकृताची सोनोग्राफी दर महिन्याला करायची. बाळंतपणानंतर मात्र आकडा उतरलाच पाहिजे."

"अन् नाई उतरला तं?"

मॅडमनी सुचिताचा हात तेवढा दाबला.

घरी दोन्ही चोऱ्या उघड झाल्या. मनकर्णाबाई आकडा ऐकून रडली, मग नवऱ्यावर भडकली. "एकले एकले मनात घेऊन बसले! सांगतलं काऊन नाई?"

"तू तरी कुठं सांगतलं?" पंजाबराव म्हणाले.

दिवाळीच्या आधी सुचिता ती हिरवी चोळी घेऊन आली. काखेत दाटत होती. दोन टिपा आधीच उसवल्या होत्या, शेवटची उरली होती. त्याच सकाळी मेसेज आला होता, चौऱ्याण्णव. यकृत अजून स्वच्छ होतं. आकडा चढला म्हणजे लेकरू वाढतंय, असं पंजाबराव स्वतःला बजावत होते.

त्यांनी शेवटची टीप उसवली आणि कडेला नवी मारली.

"बाबा, आतलं कापड कापून टाका ना. टोचते."

"नाई," पंजाबराव म्हणाले. "हे ठिवा लागते, बाई. बाळंतपण झालं का चोळी परत आत घ्याची हाय."

आणि तिच्याकडे न बघता त्यांनी पुन्हा म्हटलं, "आत घ्याचीच हाय."