आबांच्या गोळीतलं झिंक

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. तापीकाठच्या केळीवाल्यांच्या घरात सून म्हणून आले आणि दुसऱ्याच महिन्यात घरची डॉक्टरीण झाले. कुणाला शिंक आली तरी मलाच विचारायचे. सुरुवातीला बरं वाटायचं, मग वैताग यायला लागला. माझं डोकं तसं लवकर फिरतं.

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना, अल्सर निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी आम्ल कमी करायची गोळी दिली, सोबत झिंकची. झिंकमुळे जठराचं अस्तर सावरतं, जखम भरायला मदत होते, म्हणाले. पण घ्यायची ती जेवणानंतरच. आबा खूश! झिंक त्यांच्या ओळखीचं. केळीची पानं पिवळी पडली की ते स्वतःच्या हाताने झिंक सल्फेट बादलीत कालवून ठिबकमधून सोडायचे.

महिन्याभराने झिंकच्या गोळ्या संपल्या. मी भाकरी थापत होते, तवा तापलेला, वरून गॅस संपत आलेला. आबा दारात येऊन उभे राहिले. "माय, गोईमधलं झिंक आनि आपलं झिंक एकच शे ना?"

"हो हो आबा, झिंक म्हणजे झिंकच!" मी मागे वळूनही पाहिलं नाही.

नंतर चारच दिवसांनी, सकाळी, गोठ्यातून ओकारीचा आवाज आला. धावले. आबा गव्हाणीला धरून ओणवे झालेले, आणि खाली पडलं होतं ते काळपट, चहाच्या चोथ्यासारखं. रक्त पोटात साचलं की असं दिसतं, हे मला ठाऊक होतं. बाजूला स्टीलचा ग्लास, त्याच्या तळाशी पांढरे खडे. कोनाड्यात झिंक सल्फेटच्या खताची पिशवी उघडी आणि तिच्यात चहाचा चमचा.

मी आबांना धरून खाली बसवलं.

"केयीले चालस, मंग माले का नही?" आबा कण्हत म्हणाले. चार दिवस, रोज अनशापोटी, चमचाभर!

चुलतदिरांची गाडी काढली. हे पुढे बसले, मी मागे आबांचं डोकं मांडीवर घेऊन. पिशवी पर्समध्ये कोंबली होती, डॉक्टरांना दाखवायला. आबांचे हात गार, कपाळावर घाम. मी सारखी त्यांच्या छातीकडे बघत होते, वर-खाली होतेय ना. बाई गं, काय करून बसलीस! हे मधूनमधून मागे वळून विचारायचे, "असं कसं झालं गं?" आणि मी म्हणायचे, "काय माहीत." आबा गेले असते तर ते 'काय माहीत' मी जन्मभर कसं गिळलं असतं?

दवाखान्यात दुर्बीण घातली. जुनी जखम पुन्हा फुटली होती, वर अस्तर भाजल्यासारखं झालेलं. डॉक्टर पिशवी हातात धरून तडकलेच. "गोळीत झिंक असतं चिमटीत धरता येणार नाही इतकं कमी! हे शेतातलं आहे. याने पोट भाजतं, कळतं का? कोणी सांगितलं तुम्हाला?"

हे शेजारीच उभे होते. सांगायला हवं होतं, तोंड उघडलंच नाही. भेकड कुठली!

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोनीच नही," ते म्हणाले. "मनीच अक्कल." सगळं स्वतःच्याच अकलेवर घेतलं.

मग डॉक्टरांनी त्यांना झापलं, यांनी झापलं, गावाकडून फोन करून नणंदेनेही झापलं. म्हाताऱ्याने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी सलाइनची बाटली बघत उभी.

आठ दिवसांनी घरी आणलं. यांना मी अजूनही सांगितलेलं नाही, आणि आबांनीही नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही.

आता रोज जेवण झालं की आबा गोळी तळहातावर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येतात. "माय, ही लेऊ का?"

अजून मलाच विचारतात. मी तवा उतरवते, हात पुसते, पाकीट उलटसुलट करून दोन्ही बाजूंनी वाचते. मगच 'हो' म्हणते, आणि गोळी गिळून होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत उभी राहते.