तेवीस नंबरची हजेरी

हजेरीत नाव पुकारलं की तो गैरहजर असायचा. तिसऱ्या बाकावर, वही उघडून, माझ्याकडे बघत बसलेला असायचा. पण ‘हजर’ म्हणायचा नाही. नववीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्याचे सलग तीन खाडे मांडले. शिरूर कासारच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि माझा स्वभाव तापट आहे हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “सर, नंबर घ्या. तेवीस म्हना, मी हजर हाय. ते नाव माझं न्हाई.”

रजिस्टरात तो मुलगी होता. गणवेश मुलींचा, बाक मुलींचा. रजिस्टरातलं ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या दिवशी मात्र मी त्याच्यावर खेकसलो, नाव काय तुझ्या मर्जीने असतं का? तो आवाज न चढवता म्हणाला, “सर, मी पोरगी न्हाई. कधीच नव्हतो. कुनाला तरी सांगावं म्हनून तुमाला सांगतोय.” घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्यासारख्या माणसापाशी येऊन बोललं पोर, म्हणजे किती साचलं असेल. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्याच वर्गाची हजेरी नंबरने घेऊ लागलो, एकट्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. पोरं म्हणाली, सर म्हातारे झाले, नावं विसरतात. मी म्हणू दिलं.

तो शाळेत पाणी प्यायचा नाही. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको; पोरं टाकीपाशी झोंबाझोंबी करायची आणि हा सावलीत गणितं सोडवत बसायचा. एकदा रागावलो, तेव्हा म्हणाला, “पानी पेलं की जावं लागतं सर. कुन्या दारानं जाऊ?” मुतारीला दारं दोन आणि दोन्हींवर चित्रं काढलेली. मी त्याला शिक्षकांच्या संडासाची किल्ली दिली. ती त्याने तीनचार वेळाच मागितली असेल.

आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि हा आजोबांपाशी राहायचा. मारुतीआबा शेरडं राखायचे, त्यांच्यामागे हाही माळ हिंडायचा. हा आठवीत असताना आबा गेले. नवं नाव काय हवं म्हणून मी विचारलं, तेव्हा मला वाटलं होतं, सिनेमातल्या हिरोचं नाव सांगेल. तो म्हणाला, “मारुती.” वारलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडे रीतच आहे, आणि त्या घरात दुसरा नातू नव्हता.

त्याच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी असायची. आधार कार्ड, बोनाफाईड, चार फोटो, सगळं सुतळीने बांधलेलं. कुठेही कुणी अडवलं की त्याचा एकच प्रश्न, “कोन्ता कागद लागतो?” तालुक्याच्या सेतू केंद्रात सांगितलं, अठराच्या आत आहेस, वडिलांची सही आण. जिल्ह्याला ट्रान्सजेंडर ओळखपत्राचं विचारलं, तिथेही आईबापाचाच अर्ज. मुख्याध्यापक म्हणाले, राजपत्रात नाव छापून आण, मग बघू. आणि राजपत्राला पुन्हा वडिलांची सही. असा तो गोल गोल फिरत राहिला. त्याच वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं. सोमवारी शाळेत आला तेव्हा म्हणाला, “ताईच्या नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिवलं, पेढे वाटले. झालं. तिला कुनी इचारलं बी न्हाई. मी सवताहून मागतोय तर एवढं कावून सर?”

बाप तोडीवरून परतला तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. माणूस वाईट नव्हता. अंथरायला घोंगडी टाकली, चहा केला. सहीचं काढलं तसा मात्र ताठ झाला. “माझ्या बापाचं नाव हाय ते सर. पोरीला लावून गावात तोंड कुठं दाखवू?” निघताना त्याची आई दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “शेवटी शेवटी आबा त्येला मारुतीच म्हनायचे, सर. मी ऐकलंय.” ही बाई ‘त्याला’ म्हणते, हे माझ्या ध्यानात आलं.

पोरगा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला, तेव्हा वाटेत मी त्याला शहाणपण शिकवलं. म्हटलं, तीन वर्षं थांब. अठरा पूर्ण झाली की तुझी सही तूच करशील, मग कोण अडवतं बघू. त्याने माझं ऐकलं. बोर्डाचा फॉर्म मी स्वतः भरला, जुन्या नावाने. दहावीला गणितात तो वर्गात पहिला आला. दाखला जुन्याच नावाने घेतला आणि बीडला एका गॅरेजवर कामाला लागला.

अठरा पूर्ण झाल्यावर तो आला. केस बारीक कापले होते, अंगात शर्ट-पँट होती. पिशवीतून आधी पेढे काढले, मग राजपत्राचं पान. मारुती, छापील अक्षरात. मीच त्याला ऑफिसात घेऊन गेलो. क्लार्कने पान वाचलं आणि परत दिलं. “दाखला दिला की रजिस्टर बंद होतं. नाव बदलायचं ते शाळेत असतानाच. थांबायला नको होतं.” त्याने सवयीने विचारलं, “कोन्ता कागद लागतो?” क्लार्क म्हणाला, “आता कोणताच नाही.” मी तिथेच उभा होतो. थांब म्हणून कुणी सांगितलं, हे त्याने क्लार्कला सांगितलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी केलेल्या साऱ्या चुकांत ही सगळ्यात मोठी, आणि ती मी मायेने केली.

संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याकडे कंपनीत जाणार होता, पण तिथे आधार एका नावाचं आणि दहावीचं सर्टिफिकेट दुसऱ्या नावाचं चालेना. “बांधकामावर कागद लागत न्हाई, तिकडं बघतो,” म्हणाला. भूमितीत पैकीच्या पैकी घेणारा पोरगा. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून तो वळला. “सर, एकदा हजेरी घ्या की.” मला हसू आलं. मी म्हटलं, “तेवीस.” तो थोडा थांबला. मग “हजर, सर” म्हणाला आणि आत जाऊन बसला.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, त्याला काय ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी कुणाची सही लागत नव्हती, राजपत्र लागत नव्हतं. आबांनी अंथरुणावर पडून ते केलं होतं. मी दोन वर्षं रोज त्याची हजेरी घेतली, नंबर पुकारून मोठा उपकार केला असं समजत राहिलो, आणि एकदाही त्याला त्याच्या नावाने हाक मारली नाही.

माझ्या फोनमध्येही तो ‘तेवीस’ होता. त्या रात्री मी ते खोडून ‘मारुती’ केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग फोन लावला. बंद होता. अधूनमधून अजून लावतो.