साखर उतरली की मास्तरीण गोड बोलते

हातात फूटभर कात्री धरलेली तापट बाई अचानक तुमच्याशी गोड बोलायला लागली, तर काय कराल? हसाल ना? त्या शिवण कारखान्यातल्या अकरा जणीही हसल्या. खदाखदा हसल्या.

मास्तरीण म्हणजे तिथली कापड बेतणारी. कात्रीपेक्षा जीभ धारदार. अठ्ठावीस वर्षांचा मधुमेह, रोज चार वेळा इन्सुलिन. पूर्वी साखर घसरली की हात थरथरायचे, घाम फुटायचा. इतक्या वर्षांत शरीर ओरडून ओरडून गप्प झालं. आता साखर चोरपावलांनी उतरते आणि खुद्द मास्तरणीला पत्ता नसतो. घरी त्या महिन्यात चारदा असं झालेलं. कारखान्यात मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं. कळलं तर कात्री जाईल! मग उरलं काय, शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे तोडायचे?

त्या सकाळी दवाखान्याच्या साठ कोटांची घाई. तिने इन्सुलिन टोचलं, दोन घास खाल्ले, डबा झाकला आणि टेबलाशी उभी राहिली. अकराच्या सुमाराला मालक आत आले.

"या, या मालक! काय रुबाब आज! शर्ट नवा की माणूस नवा?"

मालकांनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून.

"मास्तरीणबाई, बाह्या झाल्या?"

"झाल्या हो राजा, झाल्या!" म्हणत तिने कोट चढवायच्या पुतळ्याच्या कमरेला हात घातला आणि टेबलाभोवती गिरकी मारली. मशिनं थांबली. एकीने टाळ्यांचा ताल धरला. दुसरी म्हणाली, "सकाळीच घेऊन आली की काय गं ही?" काजं करणारी मास्तरणीची धाकटी जाऊसुद्धा पोट धरून हसत होती. तेवढ्यात मास्तरीण तिच्याकडे वळली.

"तुझे फार आभार हं बाळा. सकाळचा चहा काय सुरेख केला होतास!"

जावेचं हसू जागच्या जागी विझलं. सोळा वर्षांत या बाईने तिच्या चहाला फक्त नावं ठेवली होती.

"अगं बायांनो, दात काढणं बंद करा! साखर उतरलीय जाऊबाईंची!"

तिने कात्री काढून घेतली, जाऊबाईंना कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि साखर घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी मास्तरणीने डोळे वटारले. "काय पाजताय मला? मी काय कुकुलं बाळ आहे?"

"आली!" जाऊ ओरडली. "आली आमची माणसात!"

मालकांनी मात्र तोवर बाह्या उचलून पाहिल्या होत्या. कापडाचे थर तोंडाला तोंड लावून पसरायचे, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. हिने सगळे थर सुलटेच टाकलेले. एकशेवीस बाह्या, झाडून सगळ्या डाव्या!

"साठ तर लागणारच आहेत," मास्तरीण म्हणाली. "उरलेल्या साठांपुरतं बोला."

मालकांनी हसू गिळलं. "चेष्टा पुरे, बाई. उद्यापासून दोरे तोडा. कात्रीखाली बोट गेलं तर?"

"जाईल, खरंय. मी लपवलं, तेही खरंय." तिने खडू उचलला. "पण माझा हात बिघडलेला नाही, मालक. साखरेचा आकडा बिघडतो. मग आकडा बघा! कापायच्या आधी दर वेळी बोट टोचून साखर मोजीन आणि टेबलाच्या कडेला आकडा लिहीन, सगळ्यांना दिसेल असा. शंभराच्या खाली गेला तर कात्री खुंटीला. डॉक्टरांकडून इन्सुलिनही नव्याने ठरवून आणते."

"आणि खरं-खोटं कोण बघणार?"

"आम्ही काय मेलोय?" जाऊ म्हणाली. अकरा जणींपैकी एकीनेही मशिनाला पाय लावला नाही. मालकांनी बंद मशिनांकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "महिनाभर बघू."

त्याला वर्ष झालं. टेबलाची कड आकड्यांनी पांढरी झालीय, कात्री अजून मास्तरणीच्याच हातात आहे. परवा तिने चांगली शुद्धीवर असताना एकीची शिलाई खरोखर वाखाणली, तर चौघी साखरेचा डबा घेऊन धावल्या! मास्तरणीने त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्यांनी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा बाबांनो, बायांनो, एवढं करा. इन्सुलिन घेणारा माणूस अचानक विचित्र वागला, तर तोंडाचा वास घेत बसू नका. गिळता येत असेल तर आधी साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही कोंबू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. हसायचंच असेल तर थोडं थांबा आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याच्यासोबत हसा.